लोखंडी टोपीचे बूट

बर्फात जायचं तर सगळ्यात आधी पायांचा विचार करावा, हे मी वर्षभर वाचून शिकले. माझ्या भावाला वाचायची गरज नव्हती. त्याच्याकडे खाणीचे बूट होते.

त्याची सगळी नोकरी उमरेडच्या कोळसा खाणीत गेली. तिथे कामगारांना बूट मिळतात. जाड तळव्याचे, जड, आणि पुढच्या टोकाला आतून लोखंडी टोपी बसवलेले. वरून दगड पडला तर बोटं वाचावीत म्हणून. निवृत्त होताना मिळालेली शेवटची जोडी त्याने जिवापाड जपली होती. लग्नाला तेच, मयताला तेच, भाजीबाजाराला तेच. "या बुटावरून डंपर गेला तरी बोटाले काही होत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. डंपर कधी गेला नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं पडायचा प्रश्न आला नाही.

मी त्याची धाकटी बहीण. कोराडीच्या वसाहतीत राहते, नवरा वीजकेंद्रात आहे, मी शाळेत शिकवते. रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवरची केंद्राच्या चिमणीची राख पुसायची, डबे भरायचे आणि बस धरायची, यात माझी पन्नाशी आली. आणि मला हिवाळ्यात, बर्फ असताना, हिमालयातलं एक शिखर चढायचं होतं. फार मोठं नाही. साध्या माणसांना वाटाड्याबरोबर जाता येतं असं. काहून म्हणाल तर मला हवं होतं म्हणून. बायकांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट फक्त माझी अशी हवी होती आणि ती त्या टोकावर होती.

भावाबद्दल अजून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लहानपणी आम्ही खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. न्हाणीजवळ एक पत्रा आडवा पडलेला असे. मे महिन्याच्या दुपारी, आई झोपली की, भाऊ मला त्या पत्र्यावर अनवाणी उभं करायचा आणि स्वतः शेजारी उभा राहायचा. ज्याच्या तोंडातून आधी "हाय" निघेल तो हरला. विदर्भातला मे महिना ज्याने पायाखाली घेतलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल. मी दरवेळी हरायचे. तळपायाला फोड यायचे आणि तो मला "मरतुकडी" म्हणायचा. आई उठली की मलाच बोलणी बसायची, उन्हात काहून गेली म्हणून. तो कधीच हरला नाही. आवाज काढायचा नाही, एवढी एकच विद्या त्याला येत होती आणि ती त्याने जन्मभर पुरवली.

तर तयारी. नागपुरात बर्फाचे कपडे शोधणं हा एक वेगळाच तमाशा आहे. सीताबर्डीत थंडीचे चार दिवस स्वेटरांचे ढीग लागतात, पण तिथल्या विक्रेत्याला बर्फ फक्त उसाच्या रसातला माहीत. एकाने मला आत फर लावलेलं, गेंड्यासारखं जाड जर्किन दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, मायनस में भी पसीना आएगा!" त्याला वाटलं ही स्तुती आहे. मी त्याला सांगायला गेले की बाबा, बर्फात घामच माणसाचा वैरी. चढताना अंग भिजतं, थांबलं की तोच ओलावा गारठतो. म्हणून एक जाड कपडा नको, पातळ पातळ तीन-चार हवेत. चढताना काढायचे, थांबलो की घालायचे. अंगाशी सुती काही नको, कारण सूत ओलं झालं की ओलंच राहतं. तो म्हणाला, "मग मॅडम, घेऊच नका." कापसाच्या मुलखात राहून सुताला नावं ठेवणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

शेवटी काही इथून, काही बाहेरून मागवून मी सगळं जमवलं. लोकरीचे मोजे, वाऱ्याला अडवणारं वरचं जर्किन, हातमोजे दोन थरांचे. हातमोजे तपासायला मी फ्रीजरमध्ये हात घालून ओट्याशी उभी राहायचे. नवरा म्हणायचा, "आधी जेवाले वाढ, मग गोठ." रविवारी पाठीवरच्या पिशवीत गहू भरून रामटेकच्या पायऱ्या चढले. बायका बघून हसायच्या. हसू दे म्हटलं.

मग आईने खोडा घातला. ती उमरेडला भावाकडे राहते. बाईमाणूस एकटी बर्फात जाते, हे तिच्या गळी उतरेना. "एकटी नाही गं, दहा-बारा लोक असतात," मी म्हणाले. "लोक म्हणजे कोण? आपलं कोण हाय त्यात?" नवऱ्याचे गुडघे गेलेले. मग आईने निकाल दिला: भाऊ जाईल संग. भावाने मिशीवर हात फिरवला. त्याला शिखराचं काही नव्हतं. मरतुकडी बहीण कुठे कोसळते ते जवळून बघायचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी त्याच्या घरी जाऊन सगळं समजावलं. बुटांचं तर पुन्हा पुन्हा. "भाऊ, लोखंड थंडी धरते. त्या टोपीत बोटं म्हणजे बर्फाच्या डब्यात ठेवल्यासारखी. तिथं खालच्या गावात बर्फाचे बूट भाड्यानं भेटतात, ते घे."

"भाड्याचे? दुसऱ्याच्या पायातले?"

"सगळेच घेतात गा."

"लोकाच्या जोड्यात पाय घातला त लोकाची साडेसाती आपल्या मागं लागते. माय, सांग वं हिले."

आईने लगेच सांगितलं. आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याचं ताट चालेल, अंथरूण चालेल, जोडे चालायचे नाहीत. ज्या माणसाने खाणीत मुकादमाशी भांडून देवाधर्माला शिव्या घातल्या, त्याला बरोबर जोड्यांच्या वेळी शनी आठवला. मी म्हटलं, नवे घे मग. तर म्हणे, "हे काय जुने हायत?" आणि बूट फरशीवर आपटून दाखवले.

शिखराखालच्या गावात पोचलो तेव्हा सगळे रांगेत उभे राहून सामान घेत होते. बूट, पोटरीवर बांधायचे गेटर म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून घालायच्या पट्ट्या, आणि बुटाखाली ताणून चढवायचे लोखंडी काटे, रबराच्या कड्यात साखळीने ओवलेले. मी माझ्या भाड्याच्या बुटांवर काटे चढवून बघितले. भाऊ ओरडला, "बुटाले पैंजण घातले काय वं? नाच आता." सगळे हसले. मग मी त्याच्या बुटावर काटे चढवायला गेले, तर त्या फुगीर टोकावरून रबर जाईचना. जोर केला तसं कडं तुटलं. वाटाड्याने, गावातलाच तरुण होता, मोबाइलमधून मान वर करून बूट पाहिले. "अंकल, चलेगा?" "दौडेगा!" भाऊ म्हणाला. वाटाड्याने मान परत मोबाइलमध्ये घातली. तपासणी संपली.

आत त्याने मोज्यांच्या दोन जोड्या घातल्या होत्या, दोन्ही सुती, शाळेच्या पोरांचे असतात तसे. बूट आधीच मापाचे. दोन मोजे घातल्यावर पाय असा ठासून बसला की बोटांना हलायला जागा नव्हती. रक्तच फिरलं नाही तर ऊब कुठून येणार? हेही मी सांगितलं. "मास्तरीण," तो म्हणाला, "सुटी हाय, शिकवू नको."

पहिले दोन मुक्काम जंगलात होते. वाट साधी, पण हिवाळ्यातली वाट दिवसातून तीनदा बदलते. दुपारी तुडवलेला बर्फ उन्हाने वितळून चिखल होतो, संध्याकाळी तोच गोठतो आणि सकाळी त्याची काच झालेली असते. त्या काचेवर काटे लागतात. सावलीतल्या वळणांवर तर बर्फ काळसर, नितळ. तिथे पाऊल सपाट टाकायचं, काठी आधी रोवायची. काठावरचा पांढरा, भुसभुशीत बर्फ दिसायला भीतिदायक, पण तोच पायाला धरून ठेवतो. मी हे सगळं वाचून गेले होते आणि पायाखाली ते तसंच निघत होतं, याचा मला इतका आनंद होत होता की भावाची कटकटही ऐकू येत नव्हती.

तो घसरत होता. पडायचा, उठायचा, हसायचा. "खाणीत असा चिखल रोजचा होता," म्हणायचा. तंबूत आल्यावर बूट काढायचा नाही. मी म्हटलं, मोजे बदल, ओले झाले असतील. "कोरडे हायत." त्याचे पाय बघायला मी गेले तर त्याने पाय आखडून घेतले. मी मनात म्हटलं, मर. हो, असंच म्हटलं.

शिखराच्या दिवशी उजाडताना निघालो. जंगल संपलं आणि उघडा उतार लागला. वाऱ्याने बर्फावर पापुद्रा धरला होता. पाऊल टाकलं की तो मोडून पाय गुडघ्यापर्यंत आत. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत जायचं, म्हणजे दम कमी लागतो. माझा श्वास लागला होता, पण पाय उबदार होते. दर थोड्या वेळाने बुटात बोटं हलवून बघत होते. वर शेवटचा चढ दिसत होता आणि त्याच्या टोकावर पुढे गेलेली माणसं, मुंग्यांएवढी नाही, चांगली ओळखू येतील एवढी. एकाची पिवळी टोपी दिसत होती. तिथे जायला चहा उकळायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ लागला असता.

मागे वळून पाहिलं तर भाऊ बर्फात बसला होता.

मी खाली उतरून त्याच्याजवळ गेले. "काय झालं गा?"

"काही नाही. पायच लागून नाही राहिले मले."

"दुखून राहिले?"

"दुखत नाही ना वं. काहीच वाटत नाही."

दुखत असतं तर बरं होतं. मी त्याचे बूट उतरवले. लोखंडी टोपीला आतून दव गोठलेलं होतं. मोजे ओले, आणि उजव्या पायाची दोन धाकटी बोटं मेणासारखी पांढरी, टणक. मागून येणारा वाटाड्याचा जोडीदार म्हणाला, "मैडम, मैं अंकल को नीचे ले जाता हूँ। आप ऊपर हो के आओ, पास ही तो है।" आणि तो खरंच बळकट गडी होता. त्याने भावाला पाठीवर घेऊन नेलं असतं.

भावाने माझी बाही धरली. सगळं आयुष्य ज्याने मला मरतुकडी म्हटलं त्याने बारीक आवाजात म्हटलं, "मले सोडून नको जाऊ वं. आपल्या माणसाजवळ राह्य. मी मरतो का वं इथं?"

मी वर पाहिलं. पिवळी टोपी हात हलवत होती. खाली पाहिलं तर त्याचे डोळे भरलेले.

मी बसले. जर्किन उघडलं, स्वेटर वर केला आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या उघड्या पोटाला लावले. बर्फाने बोटं चोळू नयेत, आगीजवळ नेऊ नयेत, अंगाची ऊब द्यावी, हेही मी वाचलेलंच होतं. ते पाय लागताच माझा श्वास कोंडला. माझ्या दोन मुलांशिवाय त्या पोटावर कोणी असा हक्क सांगितला नव्हता. मग माझे सुके मोजे त्याला घातले आणि आम्ही उतरलो, तो त्या गड्याच्या खांद्यावर, मी मागे, दोघांच्या पिशव्या घेऊन. शिखर माझ्या पाठीशी होतं. मी एकदाही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला तिथेच टाकून गेले असते.

खालच्या मुक्कामी त्याचे पाय कोमट पाण्यात ठेवले. गोठलेल्या बोटांत रक्त परत शिरताना माणूस किंचाळतो असं मी वाचलं होतं. भावाने तोंडात मफलर कोंबला. कपाळावर शिरा उठल्या, पण आवाज म्हणून नाही. मला त्या क्षणी त्याचं कौतुक वाटलं, हे नाकारत नाही. पत्र्यावरचा तोच पोरगा होता.

नागपूरला आल्यावर ती दोन बोटं काळी पडली, वाळली आणि शेवटी डॉक्टरांनी काढली. मी रोज बसने दवाखान्यात जायचे, डबा न्यायचे. शाळेत रजा मागून मागून तोंड वाईट झालं. आणि एक दिवस डबा घेऊन खोलीच्या दाराशी पोचले तर आत भाऊ भेटायला आलेल्या खाणीतल्या मित्रांना सांगत होता.

"टोक इथं होतं, हातावर. मी त चढलोच असतो. पण ते बसली ना मटकन. रडाले लागली. आता बहिणीले टाकून कसा जाऊ? बसलो तिच्यापाशी बर्फात. त्या बसण्यातच गेली बोटं." थोडं थांबून म्हणाला, "बूट एक नंबर होते म्हणून दोनच गेली. नाहीतर पायच गेला असता."

मित्रांनी माना डोलावल्या. मी आत गेले तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की डबा ठेवून मी उभीच राहिले. भावाने माझ्याकडे पाहिलं. डोळे चुकवले नाहीत. जेवायला काय आणलंस, एवढंच विचारलं.

मी आईला खरं सांगितलं. आई म्हणाली, "त्याची बोटं गेली आणि तुले तुझं पडलं?" बोट गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. तो पाय पुढे करतो आणि विषय संपतो. हळूहळू ती गोष्ट उमरेडला पसरली, तिथून नातेवाइकांत, आणि फिरून कोराडीला आली. भावाची बोटं खाऊन आलेली बाई, ती मी. या हिवाळ्यात पुन्हा जायचं म्हटलं तर आई फोनवर म्हणाली, "एक भाऊ अर्धा केला. आता नवऱ्याचं काय खाते?" नवरा शेजारी बसून ऐकत होता. रजेचं विचारलं तर म्हणाला, "बघू." त्याचं "बघू" म्हणजे काय ते सव्वीस वर्षांत मला कळलं आहे.

मी परत आले याचा मला अजून राग येतो. भावावर येतो तेवढाच, कधी जास्त. चांगुलपणा म्हणतात तो मी केला आणि त्याची पावती अशी मिळाली. चौकटीवरची राख पुसताना ती पिवळी टोपी दिसते.

भाऊबीजेला उमरेडला गेले. आमच्याकडे धाकटी बहीण भावाला ओवाळते आणि मग वाकून पाया पडते. दिवाळीची थंडी पडली होती. भाऊ लोकरीचे मोजे घालून बसला होता. बोटं काढलेल्या जागी थंडीत चादर लागली तरी जीव जातो, असं वहिनी मला चुलीजवळ सांगत होती. पण मी ताट घेऊन येताच त्याने सगळ्यांच्या देखत उजवा मोजा काढला आणि पाय पाटाच्या पुढे ठेवला. घरभर पाहुणे, आई खुर्चीत.

मी टिळा लावला. अक्षता लावल्या. ओवाळलं.

"बोल," भाऊ मोठ्याने म्हणाला, "काय पायजे ओवाळणीत? तू म्हणशील ते."

निरांजन माझ्या हातात जळत होतं. मी म्हणाले, "वर कोण बसलं होतं, तेवढं सांग. बाकी काही नको."

भावाने माझ्या डोळ्यांत पाहिलं. बर्फात पाहिलं होतं तसं नाही. पत्र्यावर पाहायचा तसं.

"तूच ना वं," तो म्हणाला आणि हसला. "भेली होती तू. अरे, बहीण हाय, माफ केलं मी."

आई म्हणाली, "पाया पड त्याच्या."

मी ताट खाली ठेवलं आणि वाकले. डोकं त्याच्या पायावर टेकलं, जसं टेकायचं असतं तसं. माझ्या केसांआड माझा हात होता. जिथे दोन बोटं नव्हती तिथली गुलाबी, ताणलेली कातडी मी अंगठ्याखाली घेतली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून दाबली.

"हाय वं माय!" भाऊ ओरडला.

आईने डोळ्यांना पदर लावला. पाहुण्यांपैकी कोणी म्हणालं, भावाला भरून आलं. मी सरळ झाले, ताटातला लाडू उचलला आणि त्याच्या उघड्या तोंडात घातला.